वुडसनला ठेवायचं की नारळ द्यायचा? (इंडियाना कॉलेज बास्केटबॉलचा कोच)

कोलंबसकर · १५ जानेवारी २०२५, रात्री ११:४०

मंडळी, क्रिकेटच्या गर्दीत हा धागा किती चालेल देव जाणे, पण काल जे बघून आलो ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहितोय.

काल संक्रांत. बायकोने तिळाच्या वड्या केल्या होत्या, त्या लेकासाठी डब्यात भरल्या, ऑफिसातून जरा लवकर सटकलो आणि ४६ नंबरच्या रस्त्याने नॅशव्हिल करत (टेनेसीचं नव्हे हो, आमचं ब्राउन काउंटीतलं चिमुकलं) ब्लूमिंग्टन गाठलं. लेक तिकडे आययूला (इंडियाना युनिव्हर्सिटी) दुसऱ्या वर्षाला आहे. असेंब्ली हॉलला इलिनॉयशी सामना होता आणि आम्ही बाल्कनीतली तिकिटं काढलेली, ज्यांना ती बाल्कनी माहितीये त्यांना सांगायला नको, तिथून खाली बघताना आपण गच्चीवरून गल्लीतला खेळ बघतोय असं वाटतं आणि गुडघे समोरच्याच्या पाठीत.

निकाल ९४-६९. घरच्या कोर्टवर. त्याच्या तीनच दिवस आधी आयोवाने ८५-६० धुतलेलं. दोन सामने आणि दोन्हीत बरोब्बर २५ ने पानिपत. इलिनॉयने असे थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले की आपली पोरं हात वर करायच्या आधी बॉल जाळीत. मग हॉलमध्ये सुरू झालं, "फायर वुडसन, फायर वुडसन". आधी एका कोपऱ्यातून, मग चारी बाजूंनी. शेजारी बघतो तर माझा लेक, हातात अर्धी खाल्लेली वडी, आणि तोही ओरडतोय. मी म्हटलं अरे आज गोड बोलायचा दिवस. तर म्हणतो, बाबा गेल्या आठवड्यात सिडनीची टेस्ट हरल्यावर तुम्ही गंभीरबद्दल काय काय बोललात ते आईला विचारा.

बरोबर होतं त्याचं. गप्प बसलो.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: माइक वुडसन हा उपरा नाही. इंडियानापोलिसचा पोरगा, १९७६ ते ८० आययूला तेव्हाचा कोच बॉबी नाइटच्या हाताखाली खेळला. शेवटच्या वर्षी पाठीचं ऑपरेशन झालं, बहुतेक सीझन घरी, आणि परत आला तो शेवटचे सहा बिग टेन (आमची कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांची लीग) सामने खेळायला, सहाच्या सहा जिंकून टायटल आणलं आणि सहा सामन्यांवर कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे एनबीए खेळला, अटलांटा आणि न्यू यॉर्कचा कोच होता, २०१३ ला निक्सला ५४ सामने जिंकून दिलेत. २०२१ ला आधीचा कोच आर्ची मिलरला काढलं तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षी हा घरी आला. त्या दिवशी आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये म्हातारे गोरे इंजिनियर अक्षरशः डोळे पुसत होते.

आणि आता त्याच माणसाला त्याच्याच हॉलमध्ये हे ऐकावं लागतंय. तुम्हाला काय वाटतं? ठेवायचा का? करारात अजून दोन वर्षं शिल्लक आहेत.

---

बॉयलर_पक्या · १६ जानेवारी, सकाळी ७:०५

ठेवा. अवश्य ठेवा. आजन्म ठेवा. पुतळा उभारा. आम्हा पर्ड्यूवाल्यांचा, म्हणजे तुमच्याच राज्यातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा, पूर्ण पाठिंबा आहे 😁

---

कार्मेलची_काकू · १६ जानेवारी, सकाळी ९:२२

मी फक्त फीव्हर, म्हणजे इथली बायकांची व्यावसायिक टीम, बघते (केटलिन क्लार्कसाठी) त्यामुळे माझा प्रश्न बावळट असेल. नेटवर बघितलं तर आययू १३-५ आहे. अठरातले तेरा जिंकलेत ना? मग एवढा आकांडतांडव कशाला? आमच्या घरी ७२ टक्के मिळाले की पेढे वाटायचे.

---

कोलंबसकर · १६ जानेवारी, दुपारी १२:४८

काकू प्रश्न अजिबात बावळट नाही. त्या तेरात बरेचसे डिसेंबरपर्यंतचे, म्हणजे छोट्या कॉलेजांना बोलवून हरवायचे सामने आहेत, म्हणजे घटक चाचणीचे मार्क. सहामाही झाली नोव्हेंबरमध्ये बहामाजला, तिथे लुईव्हिलने ८९-६१ आणि गोन्झागाने ८९-७३. आणि सीझनच्या आधी आपल्याला देशात १७ वा नंबर दिलेला होता. मार्चमधल्या राष्ट्रीय टूर्नामेंटमध्ये ६८ टीम घेतात, त्यात कमिटी कुणाला हरवलं हे बघते, नुसते आकडे नाही.

दुसरं म्हणजे हॉलमध्ये छताला चॅम्पियनशिपचे पाच बॅनर लटकतात. १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. ७६ ची टीम ३२-०, त्यानंतर आजतागायत पुरुषांमध्ये कुणी अख्खा सीझन न हरता चॅम्पियन झालेलं नाही. तर इथल्या माणसाला १३-५ सांगितलं की तो वर छताकडे बघतो. पेशवाई गेली तरी शनिवारवाड्यासमोर उभं राहून बोलायची सवय जात नाही तसं.

---

हाफकोर्ट · १६ जानेवारी, रात्री १०:१५

मी स्पष्ट बोलतो, काढा. आणि आत्ता नाही, गेल्या मार्चमध्येच काढायला हवा होता.

गेल्या वर्षी १९-१४, टूर्नामेंट नाही. त्याच मार्चमध्ये डस्टी मे मोकळा होता. कोण डस्टी मे? आपल्याच ग्रीन काउंटीतला, आययूत बॉबी नाइटचा स्टुडंट मॅनेजर, म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरण्यापासून सुरुवात केलेला माणूस, ज्याने फ्लोरिडा अटलांटिकसारख्या कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजला २०२३ ला फायनल फोरमध्ये, म्हणजे टूर्नामेंटच्या शेवटच्या चारात नेलं. आपण म्हटलं वुडसन एक वर्ष अजून राहू दे. मिशिगनने उचलला. आता बघा मिशिगन कुठे आहे, गेल्या वर्षी ८-२४ होते ते!!

आणि खेळ बघा ना. जग थ्री मारतंय आणि आपण दोन उंच पोरं पेंटमध्ये (बास्केटखालच्या चौकोनात) उभी करून एकमेकांच्या पायात पाय घालतोय. बालो सात फुटी आहे मान्य, ॲरिझोनाहून आणला, राइस आणला वॉशिंग्टन स्टेटहून, कार्लाइल स्टॅनफर्डहून, गूड तर इलिनॉयहूनच आणला, पैसा कमी पडला असं कुणी म्हणूच शकत नाही. पण सामान आणून भरलं म्हणजे स्वयंपाक होत नाही. एनबीएमध्ये खेळाडूला सांगायची गरज नसते, तो व्यावसायिक असतो, इथे १९ वर्षांच्या पोराला पिक अँड रोलमध्ये कुठल्या खांद्याने फिरायचं ते रोज शिकवावं लागतं.

आणि शेजारीच फुटबॉलमध्ये सिग्नेटी कोच म्हणून आला, २०२३ ला ३-९ असलेली टीम एका वर्षात ११-२ आणि प्लेऑफमध्ये. आययू! फुटबॉल! आपण फुटबॉलच्या सामन्याला पार्किंगमधल्या बार्बेक्यूसाठी जायचो. एका वर्षात होतं, हे आता सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे "थोडा वेळ द्या" हे कुणी ऐकणार नाही.

---

जिमखाना_७८ · १७ जानेवारी, सकाळी ८:३० (पुणे)

इथे लुडबुड करतोय, क्षमस्व. मी पुण्यात कॉलेजच्या पोरांना पंधरा वर्षं शिकवलं, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, सिमेंटचं कोर्ट, पावसाळ्यात आधी आम्हीच वायपर मारायचो मग खेळायचो. मानधन नावालाच. त्यामुळे वर्षाला ४० लाख डॉलरच्या वर घेणाऱ्या माणसाची कीव करणं मला जरा जड जातंय, तरी करतो.

हाफकोर्ट, एका वर्षात होतं म्हणता तर ज्यांचं झालं नाही त्यांची नावं ऐका. ड्यूकचा माइक शेशेव्स्की, पहिली तीन वर्षं मिळून ३८-४७. लोकांनी राजीनामा मागितला होता, वरच्याने उलट करार वाढवून दिला. पुढे पाच चॅम्पियनशिप. मिशिगन स्टेटचा टॉम इझो, पहिल्या दोन वर्षांत एकदाही टूर्नामेंट नाही, पाचव्या वर्षी चॅम्पियन. आणि तुमच्या त्या पक्याचा पेंटर, पर्ड्यूचा कोच, पहिलं वर्ष ९-१९.

तीस पोरांतून एक टीम उभी करायला मला दोन वर्षं लागायची. पहिलं वर्ष नुसतं "बॉल सोडून पळ" हे शिकवण्यात जायचं. प्रत्येक पोराला वाटतं आपण धरून ठेवला तरच काहीतरी होईल.

---

बॉयलर_पक्या · १७ जानेवारी, सकाळी ९:४१

काका आता तुम्ही पेंटरचं नाव काढलंत तर मस्करी बाजूला ठेवतो.

मी वेस्ट लाफियेटला, म्हणजे पर्ड्यूला, २०१२ ला एमएससाठी आलो. त्या वर्षी १६-१८, पुढच्या वर्षी १५-१७ आणि बिग टेनमध्ये शेवटून पहिले. मॅकी अरीनात तिकीट फुकट दिलं तरी रूममेट यायचा नाही. लोक म्हणत होते की पेंटर संपला. त्याने काय केलं, तर म्हणाला मी चुकीची पोरं घेत होतो, आता माझ्या पद्धतीची घेणार. मग एकेक मोठा सेंटर घडवत गेला, शेवटी झॅक ईडी. मधे २०२३ च्या टूर्नामेंटमध्ये १६ नंबरच्या (म्हणजे गटात सगळ्यात खालच्या) फेअरली डिकिन्सनकडून हरलो, ६३-५८, तो दिवस आठवला की अजून जेवण जात नाही. तेव्हाही कुणी त्याला हात लावला नाही. आणि पुढच्याच वर्षी थेट फायनल. हरलो यूकॉनकडून, पण गेलो ना.

तुमच्यात आणि आमच्यात हाच फरक आहे. तुम्ही नाइट गेल्यापासून पाचवा कोच बघताय. आम्ही १९८० पासून दोन.

---

विदुला_के · १७ जानेवारी, रात्री ८:२०

पक्या आणि काका दोघांचं ऐकायला छान वाटतं पण मला वाटतं तुम्ही जुन्या नकाशावर नवीन शहर शोधताय.

पेंटरला २०१४ ला वेळ दिला म्हणजे काय दिलं? त्याने १८ वर्षांची पोरं आणली आणि ती तीन-चार वर्षं राहिली, कारण तेव्हा कॉलेज बदललं तर एक वर्ष बाकावर बसायला लागायचं. २०२१ पासून तसं नाही. त्याच उन्हाळ्यात पोरांना नावाचे पैसे घ्यायची पण परवानगी मिळाली. म्हणजे आता दर एप्रिलला अर्धी टीम बाजारात. वुडसनला अजून दोन वर्षं दिली तर तो याच पोरांना घडवणार नाहीये, तो पुन्हा दोनदा खरेदीला जाणार आहे. मग प्रश्न एवढाच की याला खरेदी जमते का? लुईव्हिलचंच बघा, जवळजवळ अख्खी टीम नवी, कोच नवा, आणि आपल्याला २८ ने हरवलं.

दुसरा मुद्दा, "घरचा माणूस". हे प्रकरण बास्केटबॉलमध्ये गेली काही वर्षं सगळीकडे करून झालंय. जॉर्जटाउनने पॅट्रिक युइंगला आणलं, ७५-१०९. लुईव्हिलने केनी पेनला, तो तिथे १९८६ ला चॅम्पियन होता, दोन वर्षांत १२-५२. मिशिगनचा जुवान हॉवर्ड, सुरुवात झकास आणि शेवट तो ८-२४. यातल्या प्रत्येकाच्या स्वागताला लोक रडले होते. आणि प्रत्येकाला काढायला एक-दोन वर्षं उशीर झाला, कारण घरच्या माणसाला नारळ द्यायला हात धजत नाही.

वुडसन त्यांच्याइतका वाईट नाही हं. पहिल्या दोन वर्षांत दोनदा टूर्नामेंट, पर्ड्यूला सलग नऊ हरल्यानंतर हरवलं, २०२३ ला तर दोन्हीदा. पण ती टीम ट्रेस जॅक्सन-डेव्हिसची होती आणि तो आर्चीने आणलेला. तो गेल्यावर काय?

---

कार्मेलची_काकू · १७ जानेवारी, रात्री ९:१०

विदुला, पेंटरपण पर्ड्यूचाच ना? मग घरचा माणूस चालतो की.

---

विदुला_के · १७ जानेवारी, रात्री ९:३४

काकू 🙏 हो. पकडलंत. पण तो आधी दुसरीकडे कॉलेजचाच हेड कोच होता, मग आपल्या सरांच्या हाताखाली वर्षभर राहून खुर्चीवर बसला. वुडसनने त्याआधी कॉलेजमध्ये एक दिवस कोचिंग केलेलं नव्हतं. मुद्दा घरचा-बाहेरचा असा नाहीच बहुतेक, मुद्दा हे की फोटो बघून नेमला.

---

नागपुरी_संत्रा · १८ जानेवारी, रात्री १२:५०

काल ओहायो स्टेटला ओव्हरटाइममध्ये ७७-७६ हरवलं, त्यामुळे धागा थंड पडला वाटते 😄

मले एक सांगा, पैशाचं कोणी बोलतच नाही. आर्चीला घरी पाठवायला एक कोटी डॉलरच्या वर मोजले, दानशूर लोकांनी खिशातून. कोविडमध्ये, मार्च २०२१! आता याला उरलेल्या दोन वर्षांचे द्या, नव्याला द्या, त्याच्या असिस्टंटांना द्या, वरून पोरांना वाटायचे वेगळे. मी स्वतः दोन वर्षांआधी ले-ऑफमध्ये गेलो, कंपनीचं नाव नाही सांगत, सकाळी लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना, तसं कळलं. आठ हप्त्याचा पगार आणि खुर्चीवरचा स्वेटर कुरिअरनं घरी. त्यामुळे कोचची नोकरी गेली म्हणून मले काही दुःख होत नाही बाप्पा. त्याची नोकरी जाणं म्हणजे आपल्या भाषेत लॉटरी.

पण ओरडणं पटलं नाही. माणूस समोर उभा आहे, बायको-नातेवाईक गॅलरीत असतील.

---

हाफकोर्ट · १८ जानेवारी, सकाळी ७:५८

४० लाखांत ऐकून घ्यायचे पैसे धरलेले असतात.

---

जिमखाना_७८ · १८ जानेवारी, सकाळी ९:१५

नसतात हो.

---

कोलंबसकर · १८ जानेवारी, सकाळी ११:००

संत्राभाऊ स्वेटरचं वाचून कसंतरी झालं. आता ठीक ना सगळं?

आणि ज्यांनी व्यनि करून विचारलं, पार्किंग हॉलच्या शेजारच्या लॉटमध्ये सामन्याच्या दिवशी मिळत नाही, लांब लावून चालायची तयारी ठेवा, कानटोपी न्या.

---

नागपुरी_संत्रा · १८ जानेवारी, सकाळी ११:२०

ठीक आहे दादा. आता जास्त पगार आहे. स्वेटर फेकला.

---

बॉयलर_पक्या · १ फेब्रुवारी, रात्री १२:२०

८१-७६ 🚂🚂 पण खरं सांगू, काल मॅकीत शेवटच्या मिनिटापर्यंत घशाला कोरड पडलेली. एवढी वाईट टीम नाहीये तुमची. हरायची कला मात्र अवगत केलीय, गेल्या रविवारी मेरीलँडकडून एका पॉइंटने, काल पाचने.

---

हाफकोर्ट · ५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

विस्कॉन्सिन ७६, आपण ६४. सलग चार. १४-९. आता तरी?

---

कोलंबसकर · ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१२

बातमी आली. वुडसन सीझन संपल्यावर बाजूला होणार. स्कॉट डॉल्सन, म्हणजे आपला ॲथलेटिक डायरेक्टर, हाही कधीकाळी नाइटच्या टीमचा स्टुडंट मॅनेजर. त्यानेच नेमला, त्यानेच निरोप दिला. काढला म्हणायचं की गेला म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवा.

लेकाला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "ओके". नुसतं ओके. तीन आठवड्यांपूर्वी घसा बसेपर्यंत ओरडत होता.

---

हाफकोर्ट · ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

योग्य निर्णय. उशिरा पण योग्य. आनंद झाला म्हणणार नाही.

---

विदुला_के · ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

मला एक कळत नाही, अजून महिनाभर सामने आहेत. जाणाऱ्या माणसाचं ऐकणार कोण? नोटीस पिरियडमध्ये कुणी आपल्याकडे काम घेऊन येतं का?

---

कार्मेलची_काकू · ८ फेब्रुवारी, रात्री ९:००

आज मुद्दाम बसून बघितला सामना. मिशिगन ७०-६७. तो समोरचा कोच म्हणजे तोच ना, पाण्याच्या बाटल्यावाला? निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी नेमका तोच समोर आणि तोच जिंकला. सिरियलवाल्यांनी असं दाखवलं असतं तर मी म्हटलं असतं काहीही हं.

---

हाफकोर्ट · ८ फेब्रुवारी, रात्री ९:१४

काकू मी बोललो नाही 🙂 पण नोंद घ्या.

---

कोलंबसकर · १२ फेब्रुवारी, रात्री १२:०८

झोपलात का? ईस्ट लान्सिंगला जाऊन मिशिगन स्टेटला हरवलं!! ७१-६७!!

आणि यातली गंमत सांगतो. टॉम इझो (काकांनी वर ज्याचं नाव घेतलं तोच) बिग टेनमधल्या विजयांत बॉबी नाइटच्या ३५३ शी बरोबरी करून बसलेला. आज घरी जिंकला असता की विक्रम मोडला. आणि तो रोखला कुणी तर नाइटच्याच पोराने, जो चार दिवसांपूर्वी घालवला गेला. नाइट जाऊन सव्वा वर्ष झालं. इझो आज ना उद्या मोडणारच, शनिवारीही मोडेल. पण आज नाही मोडला.

---

जिमखाना_७८ · १२ फेब्रुवारी, सकाळी १०:५० (पुणे)

वा. चहा सांडला वाचताना.

विदुलाताईंना उत्तर मिळालं असावं, जाणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं ते. माझाही अनुभव तोच. मी सोडणार हे पोरांना कळलं त्यानंतरचे दोन महिने सरावाला एकही गैरहजेरी नव्हती. आधी मी आरडाओरडा करून जे झालं नाही ते.

---

विदुला_के · १२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

काका मान्य. पण मी याचा वेगळा अर्थ लावते. पोरांच्या डोक्यावरचं ओझं गेलं. रोज हॉलमध्ये पाय ठेवला की आपल्या एअरबॉलने सरांची नोकरी जाईल या भीतीने कोण खेळेल. आता जायचंच ठरलंय म्हटल्यावर हात मोकळे. म्हणजे काढला ते बरोबरच, काढल्यामुळे जिंकले.

---

बॉयलर_पक्या · १२ फेब्रुवारी, दुपारी १:३३

म्हणजे जिंकायचं असेल तर दरवर्षी फेब्रुवारीत काढायचा आणि मार्चमध्ये परत घ्यायचा? 🤔

---

कोलंबसकर · २३ फेब्रुवारी, रात्री ७:४५

आजचा दिवस लिहून ठेवतो. पहाटे चारला उठून भारत-पाकिस्तान, दुबईत कोहलीचं शतक आणि सहा विकेटने जिंकलो. पोहे खाऊन तसाच गाडीत, ब्लूमिंग्टन. दीड वाजता पर्ड्यू.

हाफटाइमला १२ ने मागे. लेक म्हणाला निघायचं का, कॉफी घेऊ. मी म्हटलं तिकिटाचे पैसे दिलेत, बस. आणि मग दुसऱ्या हाफमध्ये जे काही झालं, हॉल एवढा दणाणला की बाल्कनीचं लोखंड पायाखाली थरथरतंय, मला खरंच वाटलं की पडतो आता. शेजारचा सत्तरीचा म्हातारा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ती पायजम्यासारखी पँट घातलेला, ओळख ना पाळख, माझे दोन्ही खांदे धरून हलवत होता. ७३-५८. तोच म्हातारा सांगत होता की आजच बरोबर ४० वर्षं झाली, २३ फेब्रुवारी १९८५, याच हॉलमध्ये याच पर्ड्यूविरुद्ध नाइटने खुर्ची फेकली होती. तो तेव्हाही इथेच होता म्हणे. इथे भेटणारा प्रत्येक म्हातारा त्या दिवशी इथेच होता, हॉलची क्षमता १७ हजार आणि साक्षीदार निघतात दोन लाख.

कुणी "फायर" ओरडलं नाही हे सांगायला नको.

---

बॉयलर_पक्या · २३ फेब्रुवारी, रात्री ८:०१

मी आज ऑफलाइन आहे.

---

नागपुरी_संत्रा · २३ फेब्रुवारी, रात्री ८:०३

😂😂 पक्याभाऊ, संत्रा बर्फी पाठवू का?

---

हाफकोर्ट · २४ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

सगळे भावूक झालेत म्हणून आठवण करून देतो, १६-११. मधे यूसीएलएकडून हरलोय. यावर कुणी "निर्णय मागे घ्या" म्हणू नका प्लीज. आर्चीच्या वेळी, त्याच्या आधीच्या क्रीनच्या वेळी, दरवेळी एक चांगला आठवडा येतो आणि आपण वर्ष वाढवून देतो.

(ओरडलो मीपण घरी. बायको धावत आली.)

---

कोलंबसकर · ९ मार्च, रात्री १०:३०

काल घरचा शेवटचा सामना, ओहायो स्टेट ६६-६०. १९-१२. सिनियर पोरांचा निरोप होता, अँथनी लील तर ब्लूमिंग्टनचाच पोरगा, पहिली काही वर्षं बाकावर बसून काढली आणि पळून कुठे गेला नाही. पोर्टलच्या (कॉलेज बदलायच्या बाजाराच्या) काळात असा एखादा उरतो.

आणि आज चॅम्पियन्स ट्रॉफी. लेकाने फोटो पाठवलाय, गंभीर ट्रॉफी धरून, खाली लिहिलंय "बाबा आता बोला". जानेवारीत मी या माणसाला काय काय म्हटलं होतं ते माझं मलाच आठवतंय. न्यूझीलंडकडून पुण्यात हरलो त्या दिवशी तर भाऊ स्टेडियमवर होता, त्याने गहुंज्याहूनच फोनवर शिव्या घातलेल्या.

---

विदुला_के · ९ मार्च, रात्री १०:५५

पाच वनडे जिंकल्याने टेस्टचे प्रश्न सुटत नाहीत, पण जाऊ दे, आज नको.

---

हाफकोर्ट · १६ मार्च, संध्याकाळी ७:२०

नाही घेतलं. बाहेर ठेवलेल्या पहिल्या चारात. ऑरेगनशी इंडियानापोलिसला हरलो (७२-५९) तिथेच कळलं होतं. नॉर्थ कॅरोलायनाला घेतलं, ज्यांचाच ॲथलेटिक डायरेक्टर कमिटीचा अध्यक्ष. यावर मी काही बोलत नाही, बोललो तर धागा उडेल.

१९-१३. चार वर्षांत एकूण ८२-५३.

---

कार्मेलची_काकू · १६ मार्च, रात्री ८:००

८२-५३ म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास!

आता मला कुणी एक सांगा, आययूच्या मुलींची कोच टेरी मोरेन २०१४ पासून आहे, २०२३ ला तिने चाळीस वर्षांनी बिग टेनचं टायटल आणलं. त्याच हॉलमध्ये. तिच्याबद्दल या अख्ख्या धाग्यात एक ओळ नाही. ठेवायचं की काढायचं हा धागा तिचा कुणी काढणार नाही बरोबर आहे, पण कौतुकाचाही नाही?

---

कोलंबसकर · १६ मार्च, रात्री ८:४०

काकू, लाजलो. खरंय.

---

विदुला_के · १८ मार्च, संध्याकाळी ६:३०

डॅरियन डिव्रीस. वेस्ट व्हर्जिनियाहून. तिथे एकच वर्ष होता, तेही आपल्याबरोबर पहिल्या चारात बाहेर राहिलेले 😄 पण त्याआधी ड्रेकला चांगलं काम आहे. मुलगा टकर येईलच बरोबर, तो थ्री मारतो. कॉलेजमध्येच घडलेला माणूस, आययूशी काडीचा संबंध नाही.

---

हाफकोर्ट · १८ मार्च, संध्याकाळी ६:४१

चालेल. दोन वर्षं देतो.

---

जिमखाना_७८ · १९ मार्च, सकाळी ८:००

तीन द्या.

---

हाफकोर्ट · १९ मार्च, सकाळी ८:०९

काका, अडीच.

---

कोलंबसकर · १९ मार्च, रात्री ९:५०

नोव्हेंबरमध्ये कोलंबसहून कुणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत, पेट्रोल निम्मं-निम्मं. काकू, मुलींच्या सामन्याचं वेळापत्रक आलं की टाका, पहिला त्याचा धरू. लेकाला विचारलं येशील का, तर म्हणतो ते मुलींच्या सामन्याला खाली कोर्टाजवळ बसायला मिळतं, गुडघे मोकळे राहतात, आईला पण आणा आणि वड्या जास्त आणा.